गळ्यातला देव आणि चुलीपुढचा पाट

निजाम गेला तेव्हा गावानं साखर वाटली. त्याचा हाली रुपया गेला तेव्हा गावानं कुरकुर केली. आणि त्यांच्या पाठोपाठ माझे डोळे गेले, तेव्हा गावानं मला नमस्कार करायला सुरुवात केली. पहिल्या दोन गोष्टी मला समजतात. तिसरी अजून समजलेली नाही.

मी तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांची असेन. आमचं गाव उमरग्याच्या अंगाला, अर्धं मराठी, अर्धं कानडी. पुढं आमच्या मालकांचं कापडाचं दुकान आणि मागं घर. घरात माणसं तीनच. मालक, त्यांची आई म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि मी. एकुलती एक मुलगी लग्न होऊन अक्कलकोटला गेलेली. डोळे एकदम गेले नाहीत. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं. समोरचा माणूस दिसायचा, पण त्याच्या शेजारचा नाही, त्यामुळं मी कितीतरी बायकांना ओलांडून पुढं गेले आणि शिष्ट म्हणून नाव कमावलं. गावातल्या हकिमानं सुरमा दिला. त्यानं डोळे देखणे झाले, दिसणं काही वाढलं नाही. सोलापूरच्या डॉक्टरनं उजेड पाडून बघितलं आणि काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलेलं परत येत नाही, म्हणाला. येताना एसटीत मालक रडले. मी त्यांना शेंगा सोलून देत होते.

वर्षभरात सगळा काळोख झाला आणि मग माझी बढती झाली.

आधी शेजारीण आली. तिची म्हैस हरवली होती. सकाळपासून शोधून थकली होती आणि माझ्यापुढं बसून म्हणाली, "वैनी, तुमाला आता आतलं दिसतंय म्हणत्यात. माझी म्हस कुटं हाय तेवढं सांगा." माझं डोकं आधीच उठलं होतं. मी म्हणाले, "वढ्याला बघ जा. म्हशीला दुसरीकडं काय काम?" म्हैस ओढ्यातच निघाली. आता उन्हाळ्यात म्हैस ओढ्यात नसेल तर काय चावडीवर बसेल? पण तेवढ्यानं माझं वाटोळं झालं. दुसऱ्या दिवसापासून बायका माझ्या पायाला हात लावायला लागल्या. कुणाचं स्थळ जमंल का, कुणाला मुलगा होईल का, कुणाचा दीर मुंबईहून परत येईल का. मी कंटाळून "होईल की" म्हणायचे. जे झालं ते माझ्या नावावर लागलं आणि जे झालं नाही ते तिच्या नशिबावर गेलं. इतका बिनधोक धंदा मी दुसरा पाहिला नाही.

भजनी मंडळानं माझ्या हातात टाळ दिले. मला तालाचं अंगच नाही. लहानपणी माहेरी मी टाळ्या वाजवायला लागले की माझी आई हात धरायची. पण आता माझा चुकलेला ताल ऐकून मंडळी गहिवरायची.

यावर मठाच्या स्वामींनी कळस चढवला. स्वामी माणूस भला, अंगानं भरलेला, खपली गव्हाच्या खिरीवर, म्हणजे आमच्या हुग्गीवर, जीव असलेला. ते दर सोमवारी यायचे आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "बाहेरची दारं मिटली, माई. आता आतली उघडतील." मी एकदा स्पष्टच सांगितलं, "आत बघून आले, स्वामीजी. तिथंही कुणी कंदील लावलेला न्हाय." ते हसले आणि हे वाक्य त्यांनी मठात चार जणांना सांगितलं. मी काहीही बोलले तरी त्यात अर्थ निघायचा. शिवी घातली असती तर तिलाही फुलं वाहिली असती.

खरं सांगू का, मला देव-बिव काही नको होता. मला चूल पाहिजे होती.

डोळे गेल्यावर सुरुवातीचे काही महिने मी स्वैपाक करत होते. आधी दोन-तीनदा पोळलं, मग हात शिकले. पीठ मळून झालं की बोटांना कळतं. भाकरी थापताना कड कुठं जाड राहिली ते डोळ्यापेक्षा तळव्याला आधी कळतं. तव्यावर पाणी फिरवल्यावर आवाज बदलतो, मग उलटायची. चुलीपुढच्या पाटावर बसलं की उजव्या हाताला पाण्याचा तांब्या, डाव्या हाताला पिठाचा डबा, समोर ऊब. सगळ्या घरात तेवढ्या चार हातांच्या जागेत मी आंधळी नव्हते. दिवसभर माझा दुसऱ्याच्या दंडाला धरून कारभार चालायचा, पण तिथं बसले की मी पुन्हा घरची सून होते, आणि मला कुणाचं "हळू हं" ऐकावं लागत नव्हतं.

मग एका सकाळी माझा पदर पेटला. चुलीतलं जळतं लाकूड बाहेर आलं होतं, ते मला समजलं नाही. आत्याबाईंनी परातीतलं पाणी माझ्या अंगावर ओतलं. वीतभर लुगडं जळलं, बाकी काही नाही. पण त्याच दिवशी त्यांनी चुलीपुढचा माझा पाट उचलला, भिंतीला उभा केला आणि म्हणाल्या, "आजपास्नं तू सुम्न कुंद्रु."

आत्याबाईंचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. राग आला किंवा माया आली की त्यांच्या तोंडून कानडी यायचं. सुम्न कुंद्रु म्हणजे गप बसून राहा. मी दोन वर्षं गप बसून राहिले, म्हणजे बसून राहिले. गप नाही. सोप्यातल्या कोपऱ्यात घोंगडीवर बसायचं, हातात माळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाया पडायचं. स्वैपाकघरातून फोडणीचा वास आला की माझे हात नुसते शिवशिवायचे. मी मालकांना किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "आई काळजीनंच सांगती ना." कापड मोजताना त्यांचा हात कधी चुकला नाही, पण आई आणि बायको यांच्यामध्ये ते नेहमी आईच्या टोकाकडून मोजायचे.

त्या वर्षी श्रावण लागायच्या आधी स्वामींनी नवा बेत काढला. मठाच्या मागं एक खोली रिकामी होती. श्रावण संपला की मला कायमचं तिथं आणून बसवायचं. बायकांना दर्शनाची सोय होईल, माझं शिवचिंतन होईल आणि घरच्यांचा भार हलका होईल. मालक "बघू" म्हणाले, म्हणजे ठरलं. आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. मला ते सगळ्यात जास्त लागलं. चोवीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली राबले होते, आणि मला गाडीत घालून मठात सोडायची गोष्ट चालली असताना ती बाई तांदूळ धूत बसली होती.

आता पुढचं कळायचं तर आमची एक रीत सांगायला पाहिजे. आम्ही लिंगायत. आमचा देव देवळात कमी आणि गळ्यात जास्त. दीक्षेच्या वेळी गुरू इष्टलिंग देतात, सुपारीहून थोडं मोठं, काळं, गुळगुळीत. ते वस्त्रात गुंडाळून दोऱ्यानं गळ्यात बांधायचं ते मरेपर्यंत. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि त्याच्याकडं टक लावून बघत बसायचं. पूजा झाल्याशिवाय तोंडात घास जात नाही. आणि ज्याचं लिंग त्याचंच. नवऱ्याचं बायकोला चालत नाही, आईचं लेकाला चालत नाही. हरवलं किंवा बदललं तर उपास, मठात धाव, प्रायश्चित्त आणि गावभर बोभाटा.

ज्या पूजेत बघणं हीच पूजा, तिथं माझ्यासारखीनं काय करावं? स्वामी म्हणाले, मनानं बघ. मी मनानं बघायला बसले की मला भाकरी दिसायची. शेवटी मी माझी सोय लावली. लिंग तळहातावर घ्यायचं आणि उजव्या अंगठ्यानं एकाच जागी हळूहळू फिरवत बसायचं. गार लागायचं, गुळगुळीत लागायचं, आणि थोड्या वेळानं डोक्यातला गलका कमी व्हायचा. याला भक्ती म्हणायचं की खाज, ते स्वामींनी ठरवावं. पण दोन वर्षांत माझ्या अंगठ्यानं त्याच्यावरचा काळा लेप एका अंगाला झिजवला आणि तिथं चिरमुऱ्याएवढी खोलगट जागा झाली.

पहिल्या श्रावणी सोमवारी गळ्यातले दोरे बदलायचे होते. आत्याबाई आणि मी शेजारी शेजारी पाटावर बसलो. दोघींनी जुने दोरे सोडले, आणि पितळेच्या दोन सारख्या वाट्यांत आपापलं लिंग ठेवून पाणी घातलं. तेवढ्यात मला दूध उतू जायला आल्याचा वास आला. मी म्हणाले, "आत्याबाई, दूध." त्या लगबगीनं उठल्या, आत गेल्या, दूध उतरवलं आणि परत येऊन बसल्या. वाटी उचलल्याचा आवाज आला. मग मी माझी वाटी चाचपली. माझी होती तिथं ती नव्हती. वीतभर पलीकडं दुसरी लागली. मी लिंग तळहातावर घेतलं आणि माझा अंगठा थबकला.

सगळीकडून गोल. कुठंच खोलगट नाही. माझ्या हातात आत्याबाईंचा देव होता.

मी सांगायला तोंड उघडलं होतं, आई शप्पथ. पण तेवढ्यात शेजारी आत्याबाईंची पूजा सुरू झाली. त्यांना मोठ्यानं बोलायची सवय. अर्धं मराठी, अर्धं कानडी, शिवाला शेजाऱ्यासारखं बोलायच्या. त्या म्हणत होत्या, "याकप्पा, का रे बाबा शिवा, माझ्यानं आता रेटत न्हाय. ही घरात बसती आन् सगळं ऐकती. हिला मठात ने बाबा, सुखात ठेव, पर हितनं ने."

मी तोंड मिटलं. म्हटलं, असं का? टक लावून बघताय ना? बघा मग. स्वतःचा देव बदललाय एवढं ज्या दिवशी दिसंल, त्या दिवशी बोलू. त्या दिवशी तुम्हाला उपास घडंल, मठात पळावं लागंल, सगळं गाव विचारंल की डोळे असून हे कसं झालं. मला लई बरं वाटलं. पाप लागंल म्हणून थोडी भीती वाटली, पण जेवायला बसले तेव्हा भूक रोजच्यापेक्षा जास्त होती.

दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. रोज सकाळी आम्ही शेजारी बसायचो. त्या माझ्या देवाला माझी गाऱ्हाणी सांगायच्या आणि मी मनातल्या मनात त्यांच्या देवाला त्यांची. अर्धा-अर्धा तास त्या बघत बसायच्या. एवढा वेळ एखाद्या वस्तूकडं बघितल्यावर ती आपली नाही हे कळायला नको? माझा आनंद ओसरायला लागला आणि मला राग यायला लागला. म्हटलं, ही बाई बघती तरी काय?

मग बारीकसारीक गोष्टी आठवायला लागल्या. कोपऱ्यात बसून दोन वर्षं मला दुसरं काम काय होतं? मी सगळं ऐकत होते, फक्त त्याचा हिशेब लावत नव्हते. कुणी दारात आलं की आत्याबाई आधी बोलायच्या नाहीत. समोरच्यानं तोंड उघडेपर्यंत थांबायच्या. नाही उघडलं तर, "बोल की, तोंड शिवलंय का?" सुईत दोरा ओवायचं काम त्यांनी शेजारणीवर घातलं होतं, कमर दुखती म्हणून. आता कमरेचा आणि दोऱ्याचा काय संबंध? मालकांच्या दाताखाली डाळीतला खडा आठवड्यातून तीनदा यायचा आणि आत्याबाई वाण्याचा उद्धार करायच्या. मलाही तेव्हा वाणीच चोर वाटला होता.

अकराव्या दिवशी दुपारी मालक दुकानात होते. घरात आम्ही दोघीच. आत्याबाई परसातून आत आल्या आणि बोळातून स्वैपाकघराकडं चालल्या. मला आवाज आला. भिंतीवरून बोटं घासत चालल्याचा. मातीच्या भिंतीवर तो फार बारीक येतो, दुसऱ्या कुणाला आला नसता. पण मला तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. तो माझा आवाज होता. मी चालले की तसाच येतो.

मी उठले आणि भिंत धरून त्यांच्या मागं गेले. स्वैपाकघराच्या दारात थांबले आणि रिकामा हात पुढं केला.

"आत्याबाई, हा घ्या उद्याच्या पूजेचा बेल."

त्या जवळ आल्या. त्यांची बोटं माझ्या तळहातावर आली. आधी मधोमध, मग कडेला, मग मनगटाकडं. पान शोधत होती. माझ्या हातात पान नव्हतं. तशी त्यांची बोटं मला पूर्वी कधी लागली नव्हती. हातात बांगड्या भरताना लागली असतील, लग्नात. थोड्या वेळानं ती थांबली आणि माझ्या तळहातावर तशीच राहिली.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

त्यांनी आधी कानडीत काहीतरी पुटपुटलं. मग जमिनीवर बसल्याचा आवाज आला. मीही बसले.

"तुझा पदर पेटला त्याच्या आधीपास्नं," त्या म्हणाल्या. "तवा एक डोळा गेला होता. दुसऱ्यात धुकं होतं. आता दुसराबी गेला. उजेड कुठला आन् काळोख कुठला तेवढं समजतं." आणि मग, मी विचारलं नसताना, म्हणाल्या, "ते लाकूड म्याच बाहेर वढलं होतं. तू कुठं बसलीस ते मला दिसलं न्हाय."

मला लई राग आला. खोटं कशाला सांगू? मी त्यांना म्हणाले, "लाकूड तुम्ही ओढलं आन् पाट माझा काढला? दोन वर्षं? दोन वर्षं मला घोंगडीवर बसवून पाया पडून घ्यायला लावलं, मठात पाठवायला निघालात, आन् स्वतः चुलीपुढं?" बरंच काही बोलले. सासूला बोलू नये असं सगळं बोलले. त्या ऐकून घेत होत्या. माझा दम संपला तेव्हा म्हणाल्या,

"तुला चुलीपुढं घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी वळखलं असतंस. तुझे कान लई तिखट. मग मलाबी घोंगडीवर बसवलं असतं ना, तुझ्या शेजारी. मला न्हाय व्हायचं संत. मला भाकरी करायचीय."

माझ्याच मनातलं वाक्य त्या बाईनं माझ्या तोंडावर मारलं. मी गप्प बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा खरोखर गप्प बसले असेन.

मग म्हटलं, आता हिशेब पुराच करून टाकू. मी त्यांना वाट्यांचं सांगितलं. अकरा दिवस त्यांच्या गळ्यात माझा देव आहे आणि माझ्या गळ्यात त्यांचा. मला वाटलं, आता कपाळ बडवून घेतील. त्यांनी नुसतं विचारलं,

"अकरा दिवस?"

"अकरा."

"म्हंजी तुझी गाऱ्हाणी मी तुझ्याच देवाला सांगितली."

"आन् मी तुमची तुमच्या."

आधी त्यांच्या नाकातून आवाज आला. मग त्यांनी पदर तोंडात कोंबला असावा, कारण हसू दाबल्यासारखं यायला लागलं. मग दाबलं जाईना. मलाही आवरेना. भर दुपारी श्रावणात दोन बायका स्वैपाकघराच्या जमिनीवर बसून पोट धरून हसत होत्या, आणि पुढं दुकानातून मालकांनी विचारलं, "काय झालं गं आई?" तर आत्याबाई म्हणाल्या, "काही न्हाय, शिवनाम घेतोय."

हसून झालं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पूजेत तुला काय दिसतं गं? खरं सांग. गाव म्हणतं तुला दिसतं."

"मला काय दिसणार? अंगठ्याला गार लागतं. तेवढंच."

"मला तेवढंबी न्हाय. मी नुसतं तोंड तिकडं करून बसते. दोन वर्षं झाली. पैल्यांदा रडू यायचं, आता तेबी येत न्हाय."

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. मी त्यांच्या गळ्यातलं वस्त्र सोडलं, लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, त्यांचा उजवा अंगठा धरला आणि त्या खोलगट जागेवर नेऊन टेकवला. म्हटलं, "इथं. दाबायचं न्हाय. फिरवायचं." त्यांनी फिरवला. मी माझा हात काढून घेतला तरी त्या फिरवत राहिल्या. बाहेर कुठंतरी पाणी तापवायचा बंब ठोकून दुरुस्त करत होते, त्याचा ठणठणाट चालला होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "आता बदलायचं का परत?"

"बदलायचं तर प्राश्चित घ्यावं लागंल. प्राश्चितासाठी स्वामींना सांगावं लागंल. स्वामींना सांगितलं की गावाला." त्यांनी दोरा गळ्यात घातला. "राहू दे. शिव काय तुझ्या-माझ्यावानी रुसून बसतो?"

मग त्या उठल्या, भिंतीला उभा केलेला पाट काढला, त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि चुलीपुढं ठेवला. मी बसले. तांब्या उजवीकडं होता. पिठाचा डबा त्यांनी दुसरीकडं हलवला होता, तो मी परत डावीकडं घेतला.

श्रावण संपला तेव्हा स्वामी गाडी घेऊन आले. मालकांनी माझ्यासाठी दोन पांढरी लुगडी घडी घालून ठेवली होती, माझा मेला जीवच जळाला ती हाताला लागली तेव्हा. आत्याबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती येत न्हाय." मालक म्हणाले, "आई, अगं ठरलंय." आत्याबाई म्हणाल्या, "तुझं ठरलंय. तुझ्या दाताखाली या पंधरवड्यात खडा आला का?" मालक विचारात पडले. आला नव्हता. डाळ आता मी निवडत होते, बोटांनी. स्वामी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, माईंना आतलं दिसतं. अशा जीवाला चुलीला बांधू नये."

"तिला डाळीतला खडा दिसतो," आत्याबाई म्हणाल्या. "मला तेवढं पुरे. तुमी आत या, हुग्गी झालीय."

स्वामी आत आले. तीन वाट्या हुग्गी खाल्ली आणि बाकी सगळं शिवाच्या इच्छेवर सोडलं. त्यांना हुग्गी कुणी केली ते सांगितलं नाही. गावातल्या बायका थोड्या नाराज झाल्या. मी दर्शनाला बसत नाही, वर पिठाच्या हातानं दारात येते म्हटल्यावर माझं संतपण आपोआप उतरलं. म्हैस हरवलेली शेजारीण मात्र येत राहिली. तिला मी प्रत्येक वेळी ओढाच सांगितला.

आम्ही दोघींनी मिळून पुढं कितीतरी वर्षं ती चूल चालवली. एक नियम केला होता. लाकडाला हात लावायच्या आधी "लाकूड" म्हणायचं, तवा उचलताना "तवा". बाहेरच्याला वाटायचं, दोन बायका चुलीला मंत्र म्हणतायत. आत्याबाईंच्या डोळ्यांचं गुपित मी मोडलं नाही. पण डॉक्टरकडं जा म्हणून पाठ धरली. माझा काचबिंदू होता, तुमचा मोतीबिंदू असंल, तो काढता येतो म्हणून मी भांडायचे. त्या म्हणायच्या, "तू जाऊन काय आणलंस सोलापुरावरनं?" शेवटी तालुक्याला डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा मी मालकांना सगळं सांगून टाकलं. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी गाडीत बसल्या.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा लागला. घरी आल्या त्या सकाळी पूजेला माझ्या शेजारी बसल्या आणि वस्त्र सोडल्याचा आवाज आला. मी विचारलं, "काय दिसतं?"

"काळा दगड," त्या म्हणाल्या. "आन् तुझ्या अंगठ्याची जागा." मग चष्म्याची काडी वाजली, म्हणजे मान वळली असावी. "अय्यो, तुझे केस पिकले की गं. कुणी सांगितलं न्हाय मला."

मी म्हटलं, मलाही कुणी सांगितलं नाही.

डोळा परत आला तरी माझा पाट त्यांनी काढला नाही. पुढं चार वर्षांनी त्या गेल्या, तापाचं निमित्त झालं. आमच्यात माणसाला बसवून नेतात. भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली. डाव्या तळहातावर ज्याचं त्याचं लिंग ठेवून हात बांधायचा, मग ते त्याच्याबरोबर मातीत जातं. स्वामी आता म्हातारे झाले होते. त्यांनी आत्याबाईंच्या गळ्यातलं वस्त्र सोडलं, लिंग हातात घेतलं आणि थांबले. लेप एका अंगाला झिजलेला त्यांना दिसला असणार. मालकांना विचारलं, "हे त्यांचंच ना? एकदा बघून घ्या. चुकीचं जायला नको."

मालक म्हणाले, "आईचं मी कधी हातात घेतलं न्हाय. हिला विचारा, ही रोज शेजारी बसायची."

स्वामींनी ते माझ्या हातात दिलं. माझा अंगठा आपोआप त्या खोलगट जागेवर गेला. ती आता पूर्वीपेक्षा मोठी झाली होती. माझ्या दोन वर्षांवर त्यांची कितीतरी वर्षं चढली होती. माझ्या गुरूनं मला दिलेला देव. मी "नाही" म्हटलं असतं तर तो मला परत मिळाला असता. सगळे थांबले होते.

"व्हय," मी म्हणाले. "त्यांचंच हाय."

मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि स्वामींनी हात बांधायच्या आधी त्यांचा उजवा अंगठा त्या जागेवर नेऊन टेकवला. मग त्या घरात कधी रडले नव्हते तेवढी रडले. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पाटावर बसले, गळ्यातलं वस्त्र सोडलं आणि आत्याबाईंच्या देवाला आत्याबाईंचं गाऱ्हाणं सांगितलं, की बघ, मला एकटीला टाकून गेली.